साप रात्री केव्हा निघतात: थरची वाळू आणि वऱ्हाडचा बरड

साप पाहायला रात्री किती वाजता निघावे, असे कोणी विचारले की मी आधी महिना विचारतो, मग त्या दिवशी ऊन कसे होते ते विचारतो, आणि शेवटी जमीन काळी आहे, मुरमाड आहे की वाळूची, हे विचारतो. या तीन उत्तरांतून घड्याळातला तास आपोआप निघतो. यवतमाळ-वाशीमकडच्या बरडांवर (खडकाळ माळांवर), धुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर) आणि पांदणींत मी अनेक वर्षे रात्री फिरत आलो आहे. मध्यंतरी जून महिन्यात जैसलमेरकडे थरच्या वाळवंटात काही रात्री काढण्याचा योग आला, आणि दोन्ही ठिकाणच्या वेळा एकमेकींशेजारी ठेवून पाहता आल्या. त्यातून जे हाती लागले ते सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण रात्रीच्या ओलितासाठी आणि जागलीसाठी रानात जाणाऱ्या माणसांना या तासांची गरज माझ्यासारख्या हौशी निरीक्षकापेक्षा कितीतरी अधिक आहे.

साप स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून ती टिकवू शकत नाही. ती त्याला जमिनीकडून, दगडाकडून आणि उन्हाकडून घ्यावी लागते. अंगाचे तापमान साधारण २५ ते ३२ अंश सेल्सिअस असताना बहुतेक सापांची हालचाल, शिकार आणि पचन नीट चालते. पंधराच्या खाली उतरले की अंग जड होते आणि चाळीशी ओलांडली की जीव धोक्यात येतो. वाल्टर मोसाउर या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात दाखवून दिले होते की, तिथेच जन्मलेला, तिथेच वाढलेला सापसुद्धा दुपारच्या तापलेल्या वाळूवर उघड्यावर सापडला तर काही मिनिटांतच मरतो. वाळवंटातला साप उन्हाला सरावलेला असतो, असे अनेकांना वाटते. वास्तविक त्याचे सारे कौशल्य ऊन चुकवण्यात आहे, आणि रात्र हा ऊन चुकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

त्याच काळात लॉरेन्स क्लॉबर (१८८३-१९६८) हा सॅन दिएगोच्या वीज कंपनीत काम करणारा अभियंता उन्हाळ्याच्या रात्री वाळवंटातल्या रस्त्यांवरून मोटार सावकाश चालवत जाई, दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर आलेले साप टिपून घेई आणि वेळ व तापमान यांची नोंद ठेवी. दिवसा कधी दृष्टीस न पडणाऱ्या, म्हणून दुर्मीळ समजल्या गेलेल्या काही जाती रात्री चांगल्या संख्येने वावरतात, हे या पद्धतीमुळे कळले. मला क्लॉबरच्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती त्याची नोंदवही. कोणता साप दिसला याच्याइतकेच, तो दिसला तेव्हा हवा आणि जमीन कशी होती, हे त्याला महत्त्वाचे वाटत होते. आपल्याकडे सापांच्या छायाचित्रांचा पूर आला आहे. त्याखाली वेळ मात्र क्वचितच लिहिलेली असते.

जैसलमेरला गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते ती सूर्यास्ताची. भारतभर घड्याळ एकच असले तरी जैसलमेर नागपूरच्या बरेच पश्चिमेला आणि उत्तरेलाही आहे, त्यामुळे जूनमध्ये तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा मावळतो. म्हणजे तिथला माणूस जेव्हा ‘रात्री नऊ’ म्हणतो तेव्हा ती वेळ आपल्याकडच्या सव्वाआठची असते. दूरच्या माणसाने सांगितलेली वेळ जशीच्या तशी आपल्या गावात वापरू नये. सूर्यास्तानंतर किती वेळाने, हे विचारून घ्यावे.

थरमध्ये दुपारी वाळूचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही वर तापतो, पण कोरडी वाळू उष्णता खोलवर जाऊ देत नाही. वीतभर खाली तापमान बरेच सौम्य असते आणि दिवसभर फारसे हलत नाही. म्हणूनच साप तिथे दडून राहू शकतो. सूर्य गेल्यावर आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे वरची वाळू झपाट्याने निवते. एका ढाणीलगतच्या (वस्तीलगतच्या) ओरणात, म्हणजे देवराईत, खेजडीची झाडे, आकाची (रुईची) झुडपे आणि सेवण गवताचे ठोंब यांच्यामध्ये आम्ही तिथल्या माणसांच्या सोबतीने फिरत होतो. सूर्यास्तानंतर पहिला तासभर वाळू तळहाताला गरमच लागत होती आणि एकही ठसा उमटलेला नव्हता. त्यानंतरच्या दोन तासांत मात्र चित्र पालटले. दोन ठोंबांमधल्या मोकळ्या वाळूवर तिरप्या, एकमेकींना समांतर, टोकाशी किंचित वळलेल्या रेघा दिसू लागल्या. हे फुरशाचे चालणे. राजस्थानात त्याला बांडी म्हणतात. तो अंग तिरपे उचलून टाकत पुढे सरकतो, म्हणून त्याचा माग सलग नागमोडी रेषेत न उमटता तुटक रेघांनी उमटतो. त्या रेघांमागोमाग गेल्यावर एका आकाच्या बुंध्याशी तो बसलेला दिसला: अर्धे अंग वाळूत रुतवलेले, डोके वर, बाहुली उभी आणि चिरेसारखी. आमच्या पावलांची धमक लागताच त्याने अंगाचे दुहेरी वेटोळे केले आणि वेटोळी एकमेकांवर घासून खर्र असा कोरडा आवाज काढला. त्याच्या बाजूच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात; त्या घासण्यातून हा आवाज येतो, तोंडातून नव्हे. आम्ही चार पावले मागे आलो आणि तिथूनच त्याला पाहत राहिलो.

अकराच्या पुढे ठसे विरळ झाले. जूनच्या थरमध्ये जर एकच वेळ निवडायची असेल तर मी सूर्यास्तानंतर एक तासाने सुरू होणारे दोन-तीन तास निवडीन. मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरच्या अखेरीस हाच काळ मागे सरकून अगदी तिन्हीसांजेला येऊन चिकटतो, कारण त्या महिन्यांत वाळू इतकी लवकर थंड होते की दहा वाजेपर्यंत सापाला परत बिळात जावे लागते. मध्यरात्रीनंतर तिथे भीती असते ती सिंधी मण्याराची. लोक त्याला पीवणा म्हणतात आणि झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून तो श्वास पिऊन टाकतो, असे मानतात. या समजुतीमागचे खरे कारण आपल्या मण्याराच्या बाबतीतही लागू पडते, म्हणून त्याकडे पुढे येतो.

आता आपला मुलूख. पश्चिम विदर्भ वाळवंट नाही, पण चैत्र-वैशाखात आपले बरड पाहिले तर वाळवंटाची आठवण यावी इतके ते उघडे आणि कोरडे असतात. मुख्य फरक खालच्या खडकाचा आहे. आपल्याकडे काळा बेसाल्ट आहे, त्यावर कुठे मुरूम, कुठे भेगाळलेली काळी माती. काळा दगड दिवसभर उष्णता पितो आणि सूर्य मावळल्यावर तासन्‌तास ती बाहेर टाकत राहतो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेलेल्या दिवशी रात्री आठलाही खडकावर हात ठेववत नाही. मी सोबत जमिनीकडे रोखून तापमान दाखवणारे छोटे यंत्र ठेवतो. अशा दिवशी आठच्या सुमारास डांबरी रस्ता चाळीसच्या वर असतो, मुरूम त्याहून बराच कमी आणि बांधावरची गवताळ माती सर्वांत आधी निवते. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या गुराख्याने हे मला यंत्राशिवाय सांगितले होते: “जमीन पायाले पोळते तोवर साप निंगत नाई, भाऊ.” याहून नेमके मार्गदर्शन मला कुठे मिळालेले नाही. जमिनीला तळहात टेकवून निवांत दहापर्यंत मोजता आले, की सापांची वेळ झाली असे समजावे.

म्हणून मे महिन्यात बरडावर सातला जाऊन काही हाती लागत नाही. खडकाळ भागात नऊ-साडेनऊनंतर हालचाल सुरू होते आणि रात्रीही जमीन पुरेशी उबदार राहत असल्यामुळे ती एक-दोन वाजेपर्यंत चालू राहते. थरमध्ये जो खेळ दोन-तीन तासांत आटोपतो तो आपल्या काळ्या दगडावर उशिरा सुरू होऊन लांबत जातो. काळ्या मातीच्या शेतांत निराळीच तऱ्हा असते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा हातभर, कधी त्याहूनही खोल जातात. उंदीर त्यात राहतात, नाग-धामण त्यांच्या मागे आत उतरतात, आणि पुष्कळदा साप रात्रभर भेगेतूनच फिरतो, वर येतच नाही. अशा शेतात रात्रभर फिरूनही काही दिसले नाही, तर तिथे साप नाहीत असा अर्थ काढू नये.

फुरसे आपल्याकडेही बरडावर आहे. थरमधल्यापेक्षा आपले फुरसे अंगाने लहान, जेमतेम वीतभर ते हातभर, आणि रंगाने मुरमात मिसळून जाणारे असते. डोक्यावरची पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण हीच त्याची ओळख. पावसाची भुरभुर झाली की ते जमीन सोडून झुडपाच्या खालच्या फांद्यांवर चढून बसते, त्यामुळे अशा रात्री नजर पायांखाली ठेवून भागत नाही. गुडघ्याच्या उंचीवरही टॉर्च फिरवावी लागते. मांडूळ आणि डुरक्या घोणस ही बिळात राहणारी बिनविषारी जनावरे मऊ मातीच्या बांधावर रात्रीच्या पहिल्या प्रहरात वर येतात. मांडूळ कुठे दिसले ते मी कोणालाही सांगत नाही आणि वाचकांनीही सांगू नये. दोन तोंडांच्या आणि गुप्तधनाच्या खुळ्या समजुतींपायी त्याची तस्करी होते, आणि ती करणारी माणसे याच वेळी, याच बांधांवर फिरत असतात.

घोणस, म्हणजे आमच्याकडची परड, संध्याकाळी निघते आणि पहाटेपर्यंत कधीही भेटू शकते. ती पळत नाही. वाटेच्या कडेला पाचोळ्यात वेटोळे घालून उंदराची वाट पाहत पडून राहते, आणि अंगावरच्या तपकिरी गोल ठिपक्यांच्या साखळीमुळे दोन हातांवरूनही दिसत नाही. जवळ गेले की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार सोडते. तो आवाज ऐकून जागच्या जागी थांबावे, उजेडात तिची जागा नक्की करावी आणि आल्या पावली मागे फिरावे.

मण्याराची वेळ या सर्वांहून वेगळी आहे, आणि मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते त्याविषयी. दिवसा मण्यार सापडला तर तो इतका सुस्त असतो की डोके वेटोळ्यात लपवून पडून राहतो. त्याचे खरे वागणे रात्री दहा-अकराच्या पुढे दिसते आणि ते पहाटेपर्यंत चालते. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी कुटाराचा (गुरांच्या भुशाचा) ढीग होता. तिथे उंदीर फार झाले म्हणून त्या घरची मंडळी काळजीत होती. मी त्यांच्या सपरीत बाजेवर बसून रात्रभर पहारा केला. एकच्या सुमारास ढिगाच्या तळातून मण्यार बाहेर आला. निळसर झाक असलेला काळा रंग, त्यावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुतेक जोडीजोडीने. मानेजवळ हे पट्टे जवळजवळ नाहीसे होतात आणि शेपटीकडे दाट होत जातात. त्याने भिंतीचा पायथा धरला, प्रत्येक फटीपाशी थांबून आत जीभ घातली, एका बिळात अर्धा शिरून परत आला, आणि अशा रीतीने सारा गोठा तपासत चुलीच्या खोलीच्या दाराकडे वळला. दाराखाली दोन बोटांची फट होती. ती आम्ही संध्याकाळीच पोत्याने बुजवलेली असल्यामुळे तो तिथून मागे फिरला. त्याला माणसाशी काही देणेघेणे नव्हते; उंदीर, पाल आणि दुसरे लहान साप हे त्याचे खाद्य, आणि ते जिथे असेल तिथे तो जाणार.

जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावतो तो अशाच फेरीत, हात किंवा पाय अनवधानाने त्याच्यावर पडल्यामुळे. चावा जवळजवळ दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. विष मज्जातंतूंवर काम करते. काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि उपचार मिळाले नाहीत तर श्वास थांबतो. पीवणा श्वास पितो ही राजस्थानातली समजूत जन्मली ती यातूनच. पहाटे पोट दुखते म्हणून उठलेल्या आणि डोळे उघडता न येणाऱ्या माणसाला अपचन झाले आहे असे समजू नये. सर्पदंश धरूनच त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच प्रतिविष लस आपल्याकडे वापरली जाते, त्यामुळे कोणता साप होता हे शोधण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. बाजेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा बचाव आहे.

घरात शिरलेला कवड्या साप बिनविषारी असूनही मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात, म्हणजे मण्याराच्या नेमके उलट. मात्र ही तपासणी लांबून करण्याची आहे. खात्री नसेल तेव्हा साप विषारी आहे असे धरावे आणि जवळच्या सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणे किंवा पकडून बाळगणे हा गुन्हा आहे.

वारा, चंद्र आणि पाऊस यांविषयी थोडे. चंद्राचा बराच बाऊ केला जातो. पौर्णिमेच्या लख्ख उजेडात उंदीर उघड्यावर कमी येतात आणि काही जातींचे सापही आडोसा धरतात, हे खरे. पण माझा अनुभव असा आहे की वाऱ्यापुढे चंद्राचा परिणाम किरकोळ ठरतो. मे महिन्यात सूर्य गेल्यावरही गरम वारा वाहत असेल तर मी घरीच थांबतो. मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेल्यानंतरची रात्र मात्र वर्षातली सर्वांत गजबजलेली असते. जमीन एकदम निवते, बेडूक बाहेर पडतात, बिळांत पाणी शिरते, आणि याच सुमारास घोणशीची पिल्लेही जन्मलेली असतात, एका वेळी वीस-चाळीस, जन्मतःच विषारी. अशा रात्री ठराविक तास उरत नाही, दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत साप भेटतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला, आणि त्यांतले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते.

फिरताना टॉर्च डोक्यावर बांधण्यापेक्षा कमरेच्या उंचीवर हातात धरलेली बरी, कारण तिरप्या उजेडात सापाच्या अंगाची सावली पडते आणि तो उठून दिसतो. गवतात चमकणारे बारीक हिरवट ठिपके कोळ्यांच्या डोळ्यांचे असतात. सापाचे डोळे तसे चमकत नाहीत, त्याला आकारावरूनच शोधावे लागते. घोट्याच्या वर येणारे बूट, सोबत एक माणूस, आणि दगड, पऱ्हाटीचे ढीग किंवा तुराट्यांचे भारे हाताने न उचलण्याचा नियम, एवढे पाळल्याशिवाय मी कोणालाही बरोबर नेत नाही.

पावसाळा सरला की तास पुन्हा बदलतात. ऑक्टोबरमध्ये हवा लवकर गार होते आणि मे महिन्यात नकोसा असलेला डांबरी रस्ता आता भोवतालच्या जमिनीहून उबदार ठरतो. सात ते दहा या वेळात साप उबेसाठी त्यावर येऊन पसरतात आणि सोयाबीन घेऊन बाजाराला निघालेल्या गाड्यांखाली चिरडले जातात. आमच्या गावाबाहेरच्या वळणावर या दिवसांत सकाळी मेलेले साप दिसतात, त्यात बहुतेक बिनविषारी. गाडी चालवणाऱ्याने या तीन तासांत वेग थोडा कमी ठेवला तर त्यांतले कितीतरी वाचतील.

रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्यासाठी कृषिपंपाची वीज पाळीने रात्री येते, आणि शेतकऱ्याला त्याच वेळी ओल्या सरीतून चालावे लागते. दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनी आहे आणि सर्पदंशाच्या अंगाने पाहिले तर ती अत्यंत न्याय्य आहे. तोपर्यंत नोव्हेंबरच्या पाळ्यांमध्ये रात्रीचा पहिला प्रहर अधिक जोखमीचा धरावा. मध्यरात्रीनंतर गारठा वाढला की उघड्या शेतातली हालचाल मंदावते, पण मोटारीच्या पेटीजवळ आणि खोपडीत (शेतातल्या झोपडीत) ऊब असते, म्हणून पेटीचे झाकण उघडण्यापूर्वी आत उजेड टाकावा.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारावर आला की रात्री फिरण्यात अर्थ उरत नाही. या दिवसांत घोणस आपली वेळ बदलते. सकाळी दहानंतर ती धुऱ्यावर, पऱ्हाटीच्या ओळीच्या कडेला ऊन खात पडलेली असते, आणि तिच्या मीलनाचा काळही हाच असल्यामुळे एकाच जागी दोन-तीन घोणशी आढळू शकतात. कापूस वेचणाऱ्या बायांचे हात त्याच वेळी त्याच ओळींत असतात. म्हणून हिवाळ्यात वेचणी सुरू करण्याआधी काठीने ओळ हलवून पुढे सरकायला मी आमच्या भागात सर्वांना सांगतो.